आड येणारं नातं

पाण्याची पाळी उर्कुयाची होती आणि तिच्याकडचा पाट कोरडा होता. सलग दुसऱ्या पाळीला असं झालं होतं.

खोरं खांद्यावर टाकून ती पाटाच्या काठाने वर गेली. वरच्या अंगाला तोकोनचं शेत. तिथली पाणी अडवायची फळी उचललेली होती आणि सगळं पाणी त्याच्या घेवड्यात चाललं होतं. तोकोन बांधावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"ही पाळी माझी आहे."

"माझं भिजायचं राहिलंय, एजे." वयाने मोठ्या बाईला एजे म्हणायचं आणि मोठ्या पुरुषाला बैके, अशी तिकडची पद्धत.

"तुझी पाळी मागेच होऊन गेली."

"तेव्हा पाणी बारीक होतं. बारीक पाण्याला वेळ लागतो. आणि यंदा माझं शेतही जास्त आहे."

शेत जास्त होतं हे खरं. शेजारचा तुकडा खंडाने घेऊन त्यातही त्याने घेवडाच लावला होता. किर्गिझस्तानातल्या या तलासच्या खोऱ्यात सगळेच घेवडा लावतात. व्यापारी येतात, पोती उचलतात आणि त्यावर वर्ष निघतं. पण वाढीव तुकड्याला वाढीव पाणी कुठून येणार, हा प्रश्न तोकोनने स्वतःला विचारला नव्हता. या पाटावर दोघांचीच शेतं होती. एक अख्खी पाळी तिची, पुढची अख्खी त्याची, अशी रीत उर्कुयाचा नवरा हयात होता तेव्हापासून होती.

तिचा घेवडा फुलावर आला होता. फुलावर असताना पाणी चुकलं तर झाड मरत नाही, हिरवंगार दिसतं, पण फूल टाकून देतं आणि मग शेंग धरत नाही. त्या सकाळी खालच्या सऱ्यांमध्ये पांढरी फुलं मुरडून मातीवर पडलेली तिने पाहिली होती. ती तशीच जुनुशकडे गेली.

जुनुश अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा मानकरी, गावातल्या वडीलधाऱ्यांच्या कोर्टाचा प्रमुख होता. एरवी अशा तक्रारीला त्याला टेबल लागत नसे. घोड्यावर बसून तो पाटावर जायचा, दोघांनाही त्यांच्या आजोबांवरून चार शब्द सुनवायचा, फळी कोणी कधी उचलायची ते सांगायचा आणि ज्याचं घर जवळ पडेल तिथे चहा पिऊन परत यायचा. कोणी अपील केल्याचं ऐकिवात नव्हतं.

या वेळी तो उठलाच नाही. "अमेरिका आलीय ना," तो म्हणाला. "ती आहे तोवर मला पाटावर जाता येत नाही. तुझा नवरा माझ्या बायकोचा भाचा. नियमात बसत नाही."

"गेल्या वर्षी बसत होतं ते?"

"गेल्या वर्षी नियम नव्हता, बाळ."

अमेरिका आली त्याला फार दिवस झाले नव्हते. न्यायाचं शिक्षण द्यायला एक अमेरिकन तज्ज्ञ येणार, असा गावप्रमुखाला राजधानीतून, बिश्केकहून, फोन आला होता. फोनमध्ये खरखर होती. त्याला नाव ऐकू आलं ते हैदर. अमेरिकेतही आपली माणसं आहेत म्हणून लोकांना बरं वाटलं. गावप्रमुखाने स्वतःच्या घरी पाहुण्याची गादी घातली आणि एक उंची पांढरी नमद्याची टोपी आणून ठेवली. गाडीतून उतरली ती हेदर नावाची, पिंगट केसांची, उंच तरुण बाई. टोपी आणलेलीच होती, म्हणून बायका ती घालत नसल्या तरी तिच्याच डोक्यावर ठेवली. ती फार खूश झाली आणि दोन दिवस ती टोपी घालून हिंडली. बाईमाणूस म्हटल्यावर राहायची सोय बदलावी लागली. पुरुष नसलेलं स्वच्छ घर म्हणजे उर्कुयाचं. ती आणि तिची सासू, जिला सगळं गाव आपा म्हणे, अशा दोघीच तिथे राहत. अशी अमेरिका उर्कुयाच्या घरी आली. गावात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. "अमेरिका, चहा घे," "अमेरिका, कुत्र्याला घाबरू नकोस," असंच चाले.

शाळेच्या सभागृहात तिने शिकवायला सुरुवात केली. एल्दियार नावाचा बिश्केकचा मुलगा दुभाष्या होता. इंग्रजी त्याचं फर्डं होतं, पण किर्गिझ बोलताना तो शब्द शोधत राही.

"न्याय करणाऱ्यांनी सांभाळायची पहिली गोष्ट," तो म्हणाला, "म्हणजे दोन फायद्यांची टक्कर."

"मेंढे आहेत का ते?" मागून कोणीतरी विचारलं.

एल्दियार हेदरशी कुजबुजला आणि पुन्हा उभा राहिला. "म्हणजे आड येणारं नातं. तक्रार करणाऱ्याशी किंवा समोरच्याशी ज्याचं नातं आहे, त्याने न्यायाला बसायचं नाही."

"नात्यात नसेल तो आमची भांडणं सोडवायला कशाला येईल?" जुनुशने विचारलं. "त्याला काय काम नाही का?"

हेदर मनापासून हसली. मुद्दा फार चांगला आहे, असं तिने एल्दियारमार्फत सांगितलं. नियम मात्र तोच राहिला. नमुन्याचं गाव म्हणून त्यांच्या अक-तेरेकची निवड झाली होती. कोर्टाला नव्या खुर्च्या आणि एक संगणक मिळायचा होता, आणि गावप्रमुखाचा फोटो बिश्केकच्या एका माहितीपत्रकात छापून यायचा होता.

जुनुशकडून परतली त्या संध्याकाळी एल्दियारही जेवायला होता, तेव्हा उर्कुयाने विषय काढला. "तिला सांग, जुनुशला म्हणावं या वेळेपुरतं जुन्या रीतीनं मिटव. माझी फुलं गळताहेत."

एल्दियारने सांगितलं. हेदरने चमचा खाली ठेवला. "ती म्हणते, मी नुसती शिकवते. ठरवायचं तुमच्या गावानं."

"गावप्रमुख म्हणतो, अमेरिका सांगेल तसं."

"ती म्हणते, गाव ठरवेल तसं."

"मग ठरवतंय कोण?"

हा प्रश्न एल्दियारने इंग्रजीत नेलाच नाही. तो पाव रश्श्यात बुडवत राहिला.

आपाला पाण्यापेक्षा पाहुणीत रस होता. "तिला विचार, त्यांच्याकडे भांडतात का पाण्यावरून?"

भांडतात, असं निघालं. हेदर आयडाहो नावाच्या मुलखातली होती. पाऊस नाही, डोंगरावरचा बर्फ वितळून पाटाला येणारं पाणी, आणि तिचे वडीलही घेवडाच लावायचे. एल्दियार थट्टा करतोय असं वाटून आपाने त्याला दोनदा विचारलं.

"मग वडील काय म्हणतात? आमच्याकडे तर टीव्ही सांगतो, जगात काही झालं की मागे तुमचं सरकार असतं."

"वडीलही तेच म्हणतात," हेदर म्हणाली. "सकाळी उठल्यापासून सरकारवर चिडलेले असतात. धरण सरकारनं बांधलंय. त्याचं पाणी शेताला देतात आणि देता देता सरकारला शिव्या देतात."

"शहाणा माणूस दिसतोय," आपा म्हणाली.

उर्कुयाच्या डोक्यात कोर्टच होतं. "आणि तुमच्याकडचे न्यायाधीश? त्यांना कोण नेमतं?"

"आमच्या भागात निवडून येतात. निवडणुकीत रस्त्याच्या कडेला त्यांच्या नावाच्या पाट्या लागतात."

"म्हणजे ज्यांचे खटले चालवायचे, त्यांच्याकडेच मतं मागतात?"

"हो."

"आणि ते आड येत नाही?"

"येतं. यावरून आमच्या घरी फार वाद व्हायचे. आता नाही होत. गेल्या निवडणुकीपासून भाऊ आणि वडील बोलतच नाहीत. जेवायला एकत्र बसत नाहीत."

आपाने हातातली वाटी खाली ठेवली. "बापाशी बोलत नाही? अध्यक्ष कोण झाला म्हणून? तो अध्यक्ष काय तुमच्या घरी जेवायला येतो?"

"नाही येत."

"मग?"

एल्दियारने तो "मग?" इंग्रजीत विचारला. हेदरला हसू आलं, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. आपा उठून आतल्या खोलीत गेली. येताना तिच्या हातात आपली चांदीची कर्णफुलं होती. तिने ती हेदरच्या कानात घातली आणि दोन्ही गाल धरून तिच्या कपाळाचा मुका घेतला. "बिचारी पोर. स्वतःच्या घरचा तंटा मिटला नाही आणि हिला आमच्याकडे न्याय शिकवायला पाठवलीय. आजपासून तू माझी मुलगी. सांग तिला, तुझ्या बापाला म्हणावं, इथेही तुझं घर आहे."

उर्कुयाने रिकाम्या वाट्या उचलल्या. तिलाही गलबलून आलं होतं, नाही असं नाही. पण कोर्टाची तारीख कोणी सांगत नव्हतं.

तारीख अखेर लागली. सभागृह गच्च भरलं. टेबलावर हिरवं कापड होतं. कोर्टाचे पाच जण नव्या खुर्च्यांवर बसले, आणि कोणी बोलायच्या आधी तोकोन उभा राहिला.

"माझा भाऊ शिकागोत ट्रक चालवतो," तो म्हणाला. "मला अमेरिकन कायदा ठाऊक आहे. माझी हरकत आहे."

"काल तर म्हणत होतास, टोळधाडसुद्धा अमेरिकेनं पाठवली," कोणीतरी ओरडलं.

"टोळधाड सरकारनं पाठवली. सरकार वाईट आहे, कायदा चांगला आहे. भाऊ म्हणतो, तिथे पोलीससुद्धा लाचेला हात पुढे करत नाही. मी कायद्याबद्दल बोलतोय." त्याने बोट पुढे केलं. "जुनुश बैकेची बायको हिची आतेसासू की मावससासू, काहीतरी लागते."

जुनुश उठला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. त्याला बरंच वाटलेलं दिसलं. मग उर्कुया हरकत घ्यायला उभी राहिली. दुसरा तोकोनचा सासरा होता, तो उठला. तिसरा लहानपणी तोकोनच्या आईचं दूध प्यायला होता, म्हणजे तो दूधभाऊ. चौथ्याची लेक उर्कुयाच्या भाच्याला दिली होती. उरला पाचवा, गुरांचा निवृत्त डॉक्टर. तो बाहेरगावचा होता आणि त्याचं गावात कोणी नव्हतं. उर्कुयाने श्वास सोडला.

"यानं हिची गाय वाचवलीय," तोकोन म्हणाला.

"मी सगळ्यांच्याच गाई वाचवल्यात!"

"माझी मेली."

सभागृह हसून हसून लोळलं. डॉक्टर रागाने उठून बाहेरच निघून गेला. हिरव्या कापडामागे पाच रिकाम्या खुर्च्या उरल्या. गावप्रमुखाने कपाळ पुसलं. हेदर एल्दियारला भराभर काहीतरी सांगत होती, आणि तो मान हलवत होता.

"अमेरिकेलाच बसवा!" मागून एक बाई म्हणाली. "तिचं कोण लागतं इथे?"

लोकांना ते पटलं. टाळ्या पडल्या. हेदर दोन्ही हातांनी नको नको म्हणत होती, पण गावप्रमुखाने तिच्यासाठी मधली खुर्ची ओढलीसुद्धा.

"हरकत," तोकोन म्हणाला. "तिच्या कानात बघा."

सगळ्यांनी पाहिलं. आपाची कर्णफुलं अख्खं गाव ओळखत होतं.

"ती उर्कुया एजेची नणंद झालीय."

"आहेच माझी मुलगी!" मागच्या रांगेतून आपा अभिमानाने ओरडली, आणि ती एक शक्यताही संपली.

लोक डोळे पुसत घरी गेले. पुढे कितीतरी दिवस हा किस्सा गावात चालला. उर्कुया तेवढी हसली नव्हती. ती सभागृहातून सरळ शेतात गेली. गळलेली फुलं आता वरच्या सऱ्यांतही दिसत होती.

खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावातून तीन माणसं बोलवायची, असं ठरलं. एकाच्या घरी लग्न निघालं, एकाचं गवत कापायचं होतं. ते जमेपर्यंत आणखी एक पाळी गेली, आणि फळी तोकोनचीच उघडी राहिली. निकाल नाही तोवर आहे तसं राहील, हेही नियमातच होतं म्हणे.

अखेर ते तिघे आले. कोणाच्या घरी जेवायचं नाही आणि एकट्याने कोणाच्या शेतात जायचं नाही, असं त्यांना बजावलेलं होतं. ते शाळेत उतरले, शाळेत जेवले आणि शाळेतच निकाल दिला. माणसं वाईट नव्हती. दोघांचंही त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रत्येक पाळीचे दोन सारखे भाग करायचे, दुपारपर्यंत तोकोन, दुपारनंतर उर्कुया.

उर्कुयाने हात वर केला. "अर्ध्या पाळीत पाणी माझ्यापर्यंत पोचत नाही."

"का पोचत नाही?"

"पाट लांब आहे. मध्ये कोरडा पडतो, भेगा पडतात. पहिलं पाणी पाटच पितो. अख्खी पाळी असली तर एकदाच पितो. अर्धी अर्धी केली तर दर वेळी पिणार. तुम्ही चला ना, बघा."

तिघांपैकी म्हाताऱ्याने हेदरकडे पाहिलं, मग गावप्रमुखाकडे, मग शिक्क्याकडे. "बाई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "निम्मं म्हणजे निम्मं. याहून सरळ आणखी काय असतं?"

शिक्का बसला. फोटो काढला गेला. त्यात उर्कुया आणि तोकोन शेजारीशेजारी उभे होते आणि दोघांनाही हसायला सांगितलं होतं.

सगळं आटोपल्यावर ती पाटावर गेली. मागोमाग हेदर आली आणि तिच्या मागून बूट सांभाळत एल्दियार. हेदरने पाटात उतरून भेगेत बोटं घातली. ती मनगटापर्यंत आत गेली.

"नाही पोचणार," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"वडिलांचा पाट असाच आहे. मी पोरवयात त्यांच्याबरोबर पाण्याची दारं धरलीत."

"मग तिथे तोंड का उघडलं नाहीस?" उर्कुया एल्दियारकडे वळली. "मी जसं बोलतेय तसंच सांग. गोड करू नकोस."

त्याने तसंच सांगितलं असावं, कारण हेदरचा चेहरा लाल झाला. "मी बोलले असते तर निकाल माझा झाला असता. लोक म्हणाले असते, अमेरिकेनं ठरवलं."

"आता काय म्हणताहेत?"

"तेच म्हणताहेत." ती पाटाच्या काठावर बसली. "घरी गेले की वडील म्हणतात, तुम्ही लोक जगभर जाऊन दुसऱ्यांना शहाणपण शिकवता. मी त्यांच्याशी भांडते. नियम हवेतच, म्हणते. नाहीतर ज्याची ओळख त्याचा न्याय. तुमच्याकडेही तसं होतच असेल ना?"

होत होतं. जुनुशचा मेहुणा गवत चोरायचा आणि जुनुशला ते कधी दिसत नसे. उर्कुयाला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. या बाईवर धड चिडताही येत नव्हतं. बाई खोटं बोलत नव्हती, वाईट वागत नव्हती, आपाच्या गाईचं दूधही काढू लागली होती. पण तिच्या येण्याने फुलं गळली होती, आणि तिच्या जाण्याने ती परत लागणार नव्हती.

"हो, होतं," उर्कुया म्हणाली. "पण पाणी यायचं."

दुसऱ्या दिवशी ती तोकोनच्या दारात उभी राहिली. त्याने आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही.

"तुझ्या खंडाच्या तुकड्याला पुरतंय का अर्धं?" तिने विचारलं.

त्याने एक बी फोडली. तो तुकडा त्याच्या शेताच्या पार पलीकडच्या टोकाला होता. अर्धी पाळी त्यालाही पुरणार नाही, हे त्याने आधीच पाहिलं असणार.

"अख्खी पाळी एकाची, पुढची दुसऱ्याची. पहिल्यासारखी. ही मला दे."

"तुला का? वरच्या अंगाला मी आहे."

"तुझा घेवडा उशिराचा आहे, अजून कळीवर नाही. तो थांबेल. माझा नाही थांबणार."

"आणि शिक्का?" तोकोन खिडकीत ठेवलेल्या निकालाकडे बघत म्हणाला. "तूच गेलीस ना कोर्टात? मी म्हणालो होतो, जा? आता कायदा मोडू म्हणतेस."

"तूच हरकती घेत उभा होतास."

"ते गमतीनं होतं गं. मला काय माहीत सगळेच खरंच उठून जातील." त्याने मान खाजवली. "गावप्रमुखानं विचारलं तर मी तुझं नाव सांगेन. जबरदस्तीनं फळी टाकली म्हणेन."

"सांग."

"लोकांसमोर सांगेन."

"सांग म्हटलं ना. फळी तेवढी टाक."

पुढच्या पाळीला त्याने फळी सकाळीच टाकली. उर्कुया खालच्या बाजूला उभी होती. आधी ओली माती झाली, मग काडीकचरा पुढे ढकलत पाण्याचं तोंड आलं, भेगेभेगेत थांबत, आत जिरत, पुन्हा भरून पुढे सरकत. तिने बांधाची माती ओढून पहिलं दारं मोडलं आणि पाणी सरीत घेतलं. वरच्या सऱ्यांत काही फुलं अजून धरून होती.

दुपारी गाडी आली. गावप्रमुख उतरला, सोबत बिश्केकहून आलेला कॅमेरावाला आणि हेदर, एल्दियार. फळी बदलतानाचा फोटो हवा होता, दोघांनी दोन बाजूंनी धरलेली.

"तोकोनची अर्धी पाळी झाली का?" गावप्रमुखाने विचारलं.

"हिनं जबरदस्तीनं घेतली," वरून तोकोन ओरडला. ठरल्याप्रमाणे मोठ्याने ओरडला.

गावप्रमुखाने डोळे मिटले. "उर्कुया, कागदावर निम्मं आहे. मी वर निम्मंच कळवलंय."

"मग निम्मंच राहू दे कागदावर."

"अमेरिका इथे उभी आहे!"

अमेरिका खरंच उभी होती, तिसऱ्या आणि चौथ्या सरीच्या मध्ये. पाण्याकडे बघत ती एल्दियारला काहीतरी म्हणाली. तो जरा अडखळला.

"ती विचारते, तिला अहवाल लिहायचाय. हे कोर्टामुळे मिटलं असं लिहू का, कोर्ट असूनही मिटलं असं लिहू? ती म्हणते, तुम्ही सांगाल ते लिहीन. दुसरं लिहिलं तर पुढच्या वर्षी कार्यक्रम कदाचित येणार नाही. खुर्च्या मात्र राहतील."

चौथ्या सरीचं तोंड भरून पाणी बांधावरून सांडायला आलं होतं. उर्कुयाने खोरं उचललं. जुनुशचा मेहुणा तिच्या डोक्यात आला, ते तिघे आले, शिकागोचा तो भाऊ आला, आणि कशाचाच कशाशी मेळ बसेना.

"तिला सांग, काय लिहायचं ते तिनं लिहावं. आणि सरीतून बाजूला हो म्हणावं, मला दारं धरायचंय."

हेदर बाजूला झाली. एल्दियारने सांगायच्या आधीच झाली.

पाणी चौथ्या सरीत शिरलं, मग पाचव्या. गाडी निघून गेली. सूर्य डोंगराकडे कलला तेव्हा ते सर्वांत खालच्या सऱ्यांपर्यंत पोचलं. तिथली झाडं हिरवीगार होती, पानं रुंद, आणि एकाही देठावर फूल नव्हतं. उर्कुयाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून तिथलंही दारं मोडलं. पाळी तिची होती आणि पाणी अजून येत होतं.